मंगळवारी साडेचारला कोण येणार? किशोरवयीन स्वयंसेवकांसाठी चार कामाच्या गोष्टी

अकरा वर्षं मी एका संस्थेत स्वयंसेवकांचं वेळापत्रक लावते आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायची, ती ध्वनिमुद्रित करायची, त्यांच्या नोट्स टाइप करायच्या, हे आमचं काम. सुट्टी जवळ आली की १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचे ईमेल सुरू होतात. बहुतेकांची सुरुवात एकच: ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे.’ पुढे छंद असतात, मिळालेली बक्षिसं असतात, कधी एखादं सुभाषितही असतं. कधी येणार, तेवढंच नसतं.

एकदा एका मुलीच्या या पाच ओळी आल्या. ‘मी १६ वर्षांची आहे. मंगळवार आणि शुक्रवार, साडेचार ते सहा येऊ शकते. मराठी टायपिंग येतं, इंग्रजी मोठ्याने वाचताना अडखळते. परीक्षेमुळे दोन महिने जमणार नाही, तारखा खाली दिल्या आहेत. आईला विचारलंय, तिचा नंबर सोबत आहे.’

तिला मी त्याच दिवशी फोन केला. ‘अडखळते’ हा शब्द मला सगळ्यात आवडला, कारण तिला कोणतं काम द्यायचं नाही हे मला न विचारताच कळलं. ती पावणेदोन वर्षं आली.

तेव्हा काम शोधायला निघालात की पहिला ईमेल असा लिहा: वय, वार आणि वेळ, काय येतं, काय येत नाही, कधीपर्यंत याल, घरी माहीत आहे का. बाकीचं भेटल्यावर बोलता येतं. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर फोन करा. उत्तर न देणारी संस्था वाईटच असते असं नाही. बऱ्याच ठिकाणी ईमेल बघणारा माणूसच पाण्याची टाकी दुरुस्त करून घेत असतो.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. मी ज्या दिवशी जाणार नाही, त्या दिवशी तिथे कोणाचं काही अडेल का? ‘अडेल’ असं उत्तर आलं तर ते काम धरा. हा माझा एकमेव निकष आहे. घरून करायचं काम असो, बाहेर जाऊन करायचं असो की परदेशातलं असो, तिन्हीकडे तो चालतो.

घरून करण्यासारखं

घरून केलेली सेवा म्हणजे खोटी सेवा असं पुष्कळांना वाटतं. मला उलट वाटतं. लाजऱ्या मुलांना, ज्यांना एकट्याने बाहेर सोडत नाहीत त्यांना आणि ज्यांना रोज फक्त अर्धा तास मिळतो त्यांना यातच सगळ्यात खरं काम मिळतं. अनेक संकेतस्थळांवर खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण असावी लागतात. नियम वाचा आणि वय खोटं टाकू नका.

माझ्या भाचीने नकाशांपासून सुरुवात केली. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला जगाचा नकाशा आहे आणि त्यात कोणालाही भर घालता येते. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्तोप्रिन्सचा कामापुरता तपशीलवार नकाशा हाताशी नव्हता. जगभरातल्या लोकांनी आपापल्या घरी बसून उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि इमारती काढल्या, आणि मदतपथकं ते नकाशे घेऊन फिरली. त्याच सुमारास संकटाच्या वेळी असे नकाशे करणारी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम उभी राहिली. पुढे २०१४ मध्ये रेड क्रॉस आणि ‘मेद्साँ साँ फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संघटनेला बरोबर घेऊन ‘मिसिंग मॅप्स’ हा प्रकल्प सुरू झाला. जिथे लसीकरणासाठी जायचं आहे पण वस्ती कुठे आहे हेच नकाशावर नाही, अशा भागांचं काम तिथे चालतं.

काम असं असतं: मोठा प्रदेश छोट्या चौकोनांत वाटलेला असतो. तुम्ही एक चौकोन घेतला की तो इतरांसाठी कुलूपबंद होतो. चित्रात दिसणाऱ्या इमारतींचे चारही कोपरे टिपायचे. ‘क्यू’ कळ दाबली की कोपरे काटकोनात बसतात. झालं की चौकोन सोडून द्यायचा, मग दुसरं कोणीतरी तो तपासतं. भाचीचा पहिला चौकोन परत आला. तिने झाडांच्या सावल्यांची सतरा घरं केली होती! तपासणाऱ्याने लिहिलं होतं, ‘सावली एका बाजूलाच पडते. घराला सावली असते, सावलीला नसते.’ ती दोन दिवस रुसली, मग पुन्हा बसली. आणखी एक चूक सगळेच करतात. चित्र तिरकं घेतलेलं असेल तर छप्पर सरकलेलं दिसतं. अशा वेळी छप्पर नाही, जमिनीवरचा पाया धरायचा.

मराठी चांगलं असेल तर विकिस्रोत बघा. हक्क संपलेली जुनी पुस्तकं स्कॅन करून तिथे चढवलेली असतात, यंत्राने त्यातली अक्षरं ओळखलेली असतात, आणि यंत्राला ‘घ’ आणि ‘ध’मधला फरक कळत नाही. ‘थ’चा ‘य’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, रफार उडून जातो. एका बाजूला मूळ पान, दुसऱ्या बाजूला मजकूर, आणि तुम्ही ओळीओळीने दुरुस्त करत जायचं. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्या माणसाने पुन्हा पाहिलं की हिरवं. आपण पिवळं केलेलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही, हा नियम मला फार आवडतो. दिवसाला दोन पानं करणारी मुलं वर्षाअखेरीस अख्खं पुस्तक उभं करतात आणि त्यांचं शुद्धलेखन फुकटात सुधारतं. इंग्रजीत असंच काम ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’ करतात. तिथली पुस्तकं पुढे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहात जातात.

विज्ञानाची ओढ असेल तर झूनिव्हर्स हे संकेतस्थळ बघा, तिथे शास्त्रज्ञांच्या कामाला कोणालाही हातभार लावता येतो. याची सुरुवात २००७ मध्ये ‘गॅलॅक्सी झू’ने झाली: आकाशगंगांचे फोटो बघून त्यांचे आकार ओळखायचे. त्याच वर्षी हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला एका फोटोत निळसर डाग दिसला. हे काय आहे, असं तिने विचारलं. खगोलशास्त्रज्ञांनाही ते आधी माहीत नव्हतं. आज त्या वस्तूला तिचंच नाव आहे. असं काही आपल्याला सापडेल या आशेवर बसू नका, पण ‘हे काय आहे?’ असं विचारायला लाजूही नका. पक्षी आवडत असतील तर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ १९९८ पासून दर फेब्रुवारीत चार दिवस चालते. निदान १५ मिनिटं एका जागी थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे. कावळाही मोजायचा. दुर्मीळ पक्ष्यांपेक्षा नेहमीच्या पक्ष्यांची संख्या शास्त्रज्ञांना जास्त लागते.

समोरासमोरचं काम

वाचनालय, वृद्धाश्रम, प्राण्यांचं निवारागृह, शाळेतल्या लहान मुलांचा अभ्यास, रक्तदान शिबिर. वयाची अट आधी विचारा. रक्त देण्यासाठी बहुतेक देशांत १८ वर्षं लागतात, काही ठिकाणी १७ किंवा पालकांच्या संमतीने १६. पण शिबिरात नोंदणीच्या टेबलावर आणि रक्त दिल्यानंतर लोकांना दहा मिनिटं बसवून ठेवायला माणसं हवीच असतात. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही घरं बांधणारी संस्था. तिच्या अमेरिकेतल्या नियमांनुसार बांधकाम चालू असताना १६ खालच्यांना जागेवर येता येत नाही, आणि १६-१७ वर्षांच्यांना छपरावर चढायला किंवा विजेची हत्यारं चालवायला मनाई आहे. असे नियम दिसले की नाराज होऊ नका. ज्या संस्थेला तुमच्या वयाची फिकीर नाही, तिथूनच काढता पाय घ्या.

निवारागृहात पिल्लांना कुरवाळायला मिळेल असं वाटत असेल तर आधीच सांगते: पिंजरे धुवायचे असतात. नव्वद टक्के वेळ खराटा हातात.

वाचून दाखवण्याचं काम सोपं वाटतं. आमच्याकडे एक मुलगा भौतिकशास्त्र वाचून दाखवत होता. आकृती आली. ‘इथे एक आकृती आहे,’ असं म्हणून तो पुढच्या परिच्छेदावर गेला. समोरचा विद्यार्थी म्हणाला, ‘थांब. आकृती सांग.’

‘भिंग आहे. त्यातून किरण जातायत.’

‘कुठून कुठे?’

‘इकडून तिकडे.’

समोरचा हसायलाच लागला. मग या मुलाने एक दोरी टेबलावर ताणून चिकटवली: हा मुख्य अक्ष. तिच्या मधोमध कंगवा आडवा टाकला: हे भिंग. ‘बोट धरू का?’ असं विचारलं आणि विद्यार्थ्याचं बोट दोरीच्या वरच्या बाजूने, दोरीला समांतर, कंगव्यापर्यंत नेलं. कंगवा ओलांडल्यावर बोट दोरीकडे वळवलं आणि जिथे ते दोरीला टेकलं तिथे एक बटण ठेवलं. ‘ही नाभी.’ मग दुसरा किरण, तोही फिरून त्याच बटणावर. एका आकृतीला चाळीस मिनिटं लागली. नंतर त्या मुलाने मला सांगितलं की ते बटण ठेवेपर्यंत ती आकृती त्याला स्वतःलाही कळली नव्हती.

यातली ‘बोट धरू का?’ ही तीन शब्दांची विचारणा कुठल्याही कामात लागते. व्हीलचेअर ढकलण्याआधी विचारा. आजोबांची खोली आवरण्याआधी विचारा. फोटो काढण्याआधी तर विचाराच, आणि लहान मुलांचे फोटो काढूच नका.

सुरक्षिततेचं थोडक्यात. बंद खोलीत कोणाही एका प्रौढाबरोबर एकटं बसायचं नाही. चांगल्या संस्था स्वतःच दार उघडं ठेवतात. तुमचा खासगी नंबर संस्थेला द्या, ज्यांच्यासाठी काम करता त्यांना नको. पैशाची पेटी घेऊन एकट्याने फिरायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. काही विचित्र वाटलं तर त्याच दिवशी घरी सांगा. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ ही काळजी तुमची नाही.

कधी असंही होतं की तुम्ही जाता आणि तिथे काही कामच नसतं. माझ्या पहिल्या वर्षी मी अकरा मुलांना एकाच दुपारी बोलावलं आणि आधीच लावून ठेवलेल्या फायली पुन्हा लावायला दिल्या. मुलं भोळी नसतात, त्यांना कळलं. पुढच्या आठवड्यात दोघंच आली. चूक माझी होती. असं तुमच्या बाबतीत झालं तर सरळ विचारा: ‘काकू, मी काय केलं तर तुमचं काम हलकं होईल?’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरी जागा शोधा, अपराधी वाटून घेऊ नका.

परदेशात जायचं असेल तर

इथे मी जरा कडू बोलणार आहे.

पहिली गोष्ट वयाची. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाला १८ वर्षं लागतात, ऑनलाइन कामासाठीसुद्धा. शेतावर राहून काम करण्याच्या ‘वूफ’ योजनेत, जी १९७१ मध्ये इंग्लंडात सुरू झाली, बहुतेक देशांत १८च. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर या युरोपीय संघाच्या योजनेत १७ व्या वर्षी नाव नोंदवता येतं, पण काम १८ ते ३० मध्ये, आणि तेही ठरावीक देशांतल्या रहिवाशांसाठी. त्यामुळे १५-१६ वर्षांच्या मुलासाठी ‘परदेशात स्वयंसेवा’ अशी जाहिरात दिसली की ती बहुतेक वेळा सहलच असते. सहल वाईट नाही. तिला सेवा म्हणू नये, एवढंच.

खरी वाट आहे ती वर्ककॅम्पची. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, पियर सेरेझोल या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांची माणसं जमवली, त्यात जर्मनही होते, आणि घरं पुन्हा बांधायला घेतली. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था झाली. आजही अशी शिबिरं भरतात: दोन-तीन आठवडे, निरनिराळ्या देशांतली दहा-वीस मुलं, दिवसाचे काही तास अंगमेहनत, स्वयंपाक आळीपाळीने. बहुतेक शिबिरं १८ वरच्यांसाठी असतात, पण काही खास १४-१५ ते १७ वयासाठीही असतात. राहणं-जेवण आयोजकांकडे, प्रवास आपला. आपल्याच देशातल्या भागीदार संस्थेकडून अर्ज करायचा असतो.

परदेशात न जाताच चार देशांतल्यांबरोबर काम करण्याचीही सोय आहे. रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटच्या संस्था जवळजवळ प्रत्येक देशात आहेत आणि अनेकांचा युवा विभाग आहे. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार हा तरुणांसाठीचा उपक्रम आता शंभराहून अधिक देशांत चालतो, १४ ते २४ वयासाठी. त्यात सेवा हा एक भाग आहे, आणि कांस्य या पहिल्या पातळीला निदान तीन महिने, आठवड्याला सरासरी एक तास एवढीच अपेक्षा असते. नुसतं ‘तेरा तास करा’ म्हटलं असतं तर मुलांनी दोन दिवसांत उरकले असते. आठवड्याला एक, असं म्हटलं की यावंच लागतं.

आता अनाथालयांबद्दल. १७ व्या वर्षी मी सुट्टीत तीन आठवडे एका बालगृहात जात होते. गोष्टी सांगायचे, वेण्या घालायचे. शेवटच्या दिवशी एका चार वर्षांच्या मुलीने माझ्या पिशवीचा पट्टा घट्ट धरला, काही केल्या सोडेना. तिथल्या बाई तिची बोटं एकेक करून सोडवत म्हणाल्या, ‘दर सुट्टीत असंच होतं हिचं.’ मी ते वाक्य कित्येक वर्षं कौतुकाने सांगत असे, की मुलं किती जीव लावतात. त्या ‘दर सुट्टीत’चा अर्थ मला फार उशिरा कळला.

अशा संस्थांतल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. काही देशांत तर पाहुणे पैसे देतात म्हणून मुलांना घरातून आणून ठेवल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या, अगदी पर्यटनातून होणाऱ्याही, स्वयंसेवेमुळे होणारं नुकसान रोखा असं सदस्य देशांना सांगितलं. तेव्हा ‘दोन आठवडे अनाथ मुलांबरोबर’ अशी जाहिरात असेल तर ती सोडून द्या. सिंहाचे छावे मांडीवर देणारी ‘अभयारण्यं’ही सोडून द्या, जिथे खरोखर वन्यप्राणी वाचवतात तिथे तुम्हाला त्यांना हात लावू देत नाहीत.

पैसे घेऊन नेणाऱ्या कुठल्याही आयोजकाला हे विचारा. स्वयंसेवक नसतात तेव्हा हे काम कोण करतं? मागच्या तुकडीने नेमकं काय केलं, आणि त्यातलं आज काय उभं आहे? माझ्या पैशातला किती भाग त्या गावात पोचतो? १८ खालच्यांची जबाबदारी तिथे कोणावर, त्यांचं नाव काय? आधी जाऊन आलेल्या मुलाशी बोलता येईल का? बांधकाम असेल तर हे काम तिथल्या गवंड्याकडून का करून घेत नाही, हेही विचारा. गुळमुळीत उत्तरं आली तर तिथेच थांबा.

ठरलंच, तर कागद. पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही अनेक देशांत चालत नाही. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस चालतं. हे वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, आयोजकाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. दोन्ही पालकांचं सहीचं संमतिपत्र, शक्यतो नोटरीसह. आरोग्य विम्यात अंगमेहनतीचं काम धरलंय का ते बघा. काही देशांत पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो, म्हणजे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही.

सुरू केल्यावर

एक वही ठेवा. तारीख, किती वेळ, काय केलं. प्रमाणपत्र हवं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन वर्षांनी मागायला आलात तर मला तुमचे तास आठवणार नाहीत, वही दाखवलीत तर पाच मिनिटांत लिहून देईन. एकही दिवस काम न करता प्रमाणपत्र देणारी ठिकाणं असतात. प्रवेशाच्या मुलाखतीत ‘तिथे काय केलंस?’ असं विचारलं की ती मुलं छताकडे बघतात.

येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. सकाळी कळवलंत तरी चालेल. न कळवता गैरहजर राहिलात तर इथे एक माणूस हेडफोन लावून, पुस्तक टेबलावर ठेवून वाट बघत बसलेला असतो.

आणि सोडून जाताना एका पानावर लिहून द्या: कुठल्या पुस्तकाचं कितवं पान चालू आहे, कोणाला कुठल्या वेगाने वाचलेलं आवडतं, कोणता शब्द कसा उच्चारायचा ठरलंय. ती मंगळवार-शुक्रवारची मुलगी असं साडेतीन पानी लिहून गेली आणि तिच्या जागी आलेला मुलगा पहिल्याच दिवशी पान ११८ पासून सुरू झाला. कपाटाची किल्ली कुठे ठेवली तेवढं मात्र तिने लिहिलं नाही. तुम्ही लिहा.